खुडूक कोंबडी अंड्यांवर कशी बसवायची : सुट्टीत गावी जाणाऱ्या मुंबईकरांसाठी

भांडुपला आमच्या इमारतीत निम्मी घरं सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडची. सुट्टी संपवून मंडळी परतली की जिन्यात ठरलेली तक्रार ऐकू येते, "कोंबडी बसवली होती, पण पिल्लं निघालीच नाहीत." कुणाची बारातली दोनच निघाली, कुणाची अंडी कुजली, कुणाची कोंबडी नवव्या दिवशी उठली ती परत टोपलीत गेलीच नाही. थोडं खोदून विचारलं की कळतं, गडबड बसवायच्या आधी नाहीतर बसवल्यावर पहिल्या दोन दिवसांत झालेली असते, आणि ती कोंबडीने केलेली नसते.

माझं सासर कुडाळजवळ. तिथे सासूबाई आणि धाकटे दीर-जाऊ असतात, आम्ही मुंबईहून जाऊन-येऊन. गेली बारा-तेरा वर्षं या कामात त्यांच्या हाताखाली शिकले. खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसू बघणारी कोंबडी. माणसाचं काम कोंबडी बसायच्या आधी असतं आणि पिल्लं निघाल्यानंतर असतं. मधले 21 दिवस तिचे. चार दिवसांसाठी आलेले आपण नेमके त्या मधल्या दिवसांत हात घालतो आणि आधीच्या तयारीला वेळ देत नाही. म्हणून खाली तयारीवर जास्त लिहिलं आहे.

टप्पा 1 : आधी तारीख, मग कोंबडी

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू यायला 21 दिवस लागतात. बसवली ती रात्र मोजायची नाही, दुसऱ्या दिवसापासून मोजायचं. मुलांना पिल्लं निघताना बघायची असतील तर सुट्टीची तारीख धरून मागे मोजा.

नाताळच्या सुट्टीचा हिशेब असा बसतो. 4 डिसेंबरच्या रात्री कोंबडी बसवली, तर 11 डिसेंबरला दिवा दाखवून (अंड्याला उजेड लावून आत बघून) पहिली तपासणी, 18 ला दुसरी. 22 पासून हात लावणं पूर्ण बंद. 24 ला कवचाचे टवके उडायला लागतात आणि 25 ला पिल्लं बाहेर. 30-31 डिसेंबरला पहिली लस. म्हणजे तुम्ही 23 च्या रात्रीच्या गाडीने निघालात तरी बघण्यासारखं सगळं तुमच्यासमोर होतं.

याचा अर्थ बसवणार गावातलं माणूस. हे फोनवर आधी स्पष्ट बोलून घ्या. रोज दाणापाणी कोण देणार, एकाच माणसाचं नाव ठरवा. "सगळे बघतील" असं ठरलं की कुणीच बघत नाही. सुट्टीला पोचल्यावर कोंबडी बसवून आठव्या दिवशी मुंबईला परतायचं, हा प्रकार तर करूच नका.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. मे महिन्यातही होतं (10 एप्रिलच्या रात्री बसवली की 1 मे ला पिल्लं), पण उन्हाळ्यात साठवलेली अंडी लवकर बिघडतात. जून ते ऑगस्ट शक्यतो टाळा. कोकणातल्या ओलीत पेंढ्याला बुरशी धरते, आणि निघालेली पिल्लंही ओल्या जमिनीवर रक्ती हगवणीने जातात.

टप्पा 2 : ती खरंच खुडूक झाली आहे का?

कोंबडी टोपलीत तासभर बसली म्हणजे खुडूक झाली असं नाही. ती अंडं घालायलाही तेवढा वेळ बसते. खुडूक कोंबडीची लक्षणं वेगळी असतात. तिने अंडी देणं थांबवलेलं असतं. रात्री इतर कोंबड्यांबरोबर दांडीवर न जाता ती टोपलीतच राहते. जवळ गेलात की पिसं फुलवून दुप्पट होते, घशातून खर्ज काढते, चोच मारते. उचलून खळ्यात (अंगणात) ठेवली तर "कुडुक-कुडुक" करत दोन घास खाते आणि परत जागेवर पळते. पोटाखाली हात घातलात तर तिथली पिसं विरळ झालेली आणि कातडी तापलेली लागते. पिल्लांना उब मिळावी म्हणून पोटावरची पिसं ती स्वतःच उपटते.

दोन रात्री पारख करा. टोपलीत दोन-तीन बिनकामाची अंडी ठेवा, बाजारातली पांढरी चालतील. दोन्ही रात्री आणि मधला पूर्ण दिवस ती हलली नाही तर तिसऱ्या रात्री खरी अंडी द्या. एवढा धीर न धरल्यामुळेच बऱ्याच जणांची अंडी वाया जातात.

गिरिराज किंवा वनराज जातीच्या कोंबड्या घेतल्या असतील तर त्या खुडूक होण्याची वाट बघत बसू नका, क्वचितच होतात. कडकनाथचाही फारसा भरवसा नाही. या जातींची पिल्लं हवी असतील तर त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवायची. ती आपलं-परकं बघत नाही.

पहिल्यांदाच खुडूक झालेल्या तलंगीला (तरुण कोंबडीला) सहा-सातच अंडी द्या.

टप्पा 3 : अंडी निवडणं आणि साठवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

कोंबडा हवा. ऐकायला बाळबोध वाटेल, पण भांडुपच्या दुकानातून डझनभर "देशी" अंडी घेऊन तुतारी एक्सप्रेसमध्ये बसलेली माणसं मी बघितली आहेत. कोंबड्याशिवाय घातलेलं अंडं खायला उत्तम, पण त्यात जीव नसतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा असेल तर अंडी भरलेली, म्हणजे पिल्लू धरू शकणारी, निघतात. कोंबडा मेला किंवा कापला, तर त्यानंतर आठवडा-दहा दिवसच तुम्हाला अशी अंडी मिळतील.

अंडी ताजी हवीत. थंडीत सात दिवसांपर्यंतची, एप्रिल-मे मध्ये चार-पाच दिवसांपर्यंतची. घालताच पेन्सिलीने तारीख लिहायची सवय गावच्या माणसाला लावा. पेन किंवा मार्कर नको, त्याची शाई कवचातून आत झिरपते.

फ्रिज नको. आमच्याकडे एका वर्षी मीच उन्हाळा म्हणून नऊ अंडी फ्रिजच्या दारात नेऊन ठेवली. सासूबाई शेजारी गेल्या होत्या, त्यांना विचारलंही नाही. सातव्या दिवशी दिवा धरला तर नऊच्या नऊ कोरी. तेव्हापासून आमची अंडी माजघरात मडक्यात ठेवली जातात. पसरट परातीत ओली वाळू, तिच्यावर मडकं, मडक्याच्या तळाशी तांदूळ, आणि तांदळात अंडी खोचलेली, निमुळतं टोक खाली. वाळूवर दिवसातून एकदा पाणी शिंपडायचं. मडक्याच्या आतला तांदूळ मात्र कोरडाच राहिला पाहिजे. तीन दिवसांपेक्षा जास्त साठवत असाल तर रोज एकदा अंडी हलकेच तिरपी करून कूस बदला.

धुऊ नका. कवचावर एक बारीक नैसर्गिक थर असतो, तो जंतूंना आत शिरू देत नाही. पाण्याने तो निघून जातो. थोडी माती चिकटली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. शेणा-विष्ठेने माखलेलं अंडं सरळ स्वयंपाकघरात द्या.

आकार मध्यम निवडा. फार मोठं, फार लहान, लांबुळकं, पातळ कवचाचं किंवा तडा गेलेलं अंडं ठेवू नका. तडा नजरेला दिसत नाही. दोन अंडी एकमेकांवर अलगद टिचकवा, चांगल्यांचा आवाज खणखणीत येतो, तडकलेल्याचा बद्द.

अंडी दुसऱ्या गावाहून एसटीने किंवा दुचाकीवरून आणली असतील तर लगेच बसवू नका. हादऱ्यांनी आतली हवेची पोकळी हलते. निमुळतं टोक खाली करून एक दिवस स्वस्थ ठेवा.

किती ठेवायची? गावठी कोंबडी आकाराने लहान, सव्वा-दीड किलोची. तिच्या पंखाखाली पूर्ण झाकली जातील तेवढीच. थंडीत नऊ, उन्हाळ्यात अकरा. पंधरा ठेवली तर चार अंडी बाहेर उघडी राहतात, ती आत आली की दुसरी चार बाहेर पडतात, आणि पाळीपाळीने सगळीच गारठतात. पंधरा ठेवून चार पिल्लं मिळवण्यापेक्षा नऊ ठेवून आठ मिळवा.

*तपासा : सगळ्या अंड्यांवर तारीख आहे? सगळी एकाच वेळी ठेवणार आहात? आज पाच, परवा चार असं केलंत तर पहिली पाच फुटताच कोंबडी पिल्लांमागे उठून जाईल आणि मागची चार आतल्या जिवासकट वाया जातील.*

टप्पा 4 : टोपली आणि जागा

जागा अंधारी, कोरडी, वारा न लागणारी आणि वर्दळीपासून लांब. पडवीचा कोपरा किंवा लाकडं रचायची खोपी चालते. खुराड्यात इतर कोंबड्यांच्या मध्ये बसवू नका. त्या तिच्याच टोपलीत येऊन अंडी घालतात, ढकलाढकलीत अंडी फुटतात, आणि कुठलं अंडं कधीचं हे कुणालाच कळत नाही. दुसरी जागाच नसेल तर तुमच्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने सभोवार रेघ ओढा आणि बिनरेघेचं अंडं दिसलं की रोज काढून घ्या.

टोपली बांबूची, पसरट, साधारण हातभर रुंदीची. प्लास्टिकचा टब घेऊ नका, त्यात घाम धरतो. टोपलीत तळाला दोन बोटं कोरडी वाळू, तिच्यावर चुलीतली चाळलेली थंड राख. कालच्या चुलीतली राख वरून गार दिसते आणि आत निखारा असतो, म्हणून हात घालून बघा. राखेवर कोरडा पेंढा हाताने चुरून गोल घरटं करायचं, मधे बशीएवढा खळगा. खळगा फार खोल केला तर अंडी एकावर एक चढतात, अगदी सपाट ठेवला तर बाहेर घरंगळतात. पेंढा नाकाशी धरा. कुबट वास आला तर तो बैलालाही घालू नका आणि कोंबडीखाली तर नकोच, त्या बुरशीने पिल्लांची छाती भरते.

पेंढ्यात कडुनिंबाचा किंवा निरगुडीचा पाला थोडा मिसळा, उवा-पिसवा कमी राहतात. बसवण्याच्या आदल्या दिवशी कोंबडीच्या पंखाखाली, मानेवर, शेपटीच्या बुडाशी पिसं उलटी करून बघा. बारीक किडे धावताना दिसले तर राखेत चांगली घोळवा. फारच झाले असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध विचारून आणा. शेतातलं फवारणीचं औषध अंदाजाने मारू नका. ज्या कोंबडीला रात्रभर किडे खातात ती नवव्या-दहाव्या दिवशी उठते, आणि आपण म्हणतो की तिचं मन लागलं नाही.

*सावधान : उंदरामागे आणि अंड्यांमागे साप येतो. अंधाऱ्या कोपऱ्यात, लाकडांच्या खोपीत, टोपलीच्या मागे बॅटरी मारल्याशिवाय हात घालायचा नाही, मुलांनी तर मुळीच नाही. मुंगूस, रानमांजर, घोरपड, कुत्रा यांच्यासाठी टोपलीभोवती बारीक जाळीचं दार किंवा वरून वजन ठेवलेलं डालगं (कोंबड्या झाकायची मोठी टोपली) हवं. जाळीला दोन बोटांएवढीही फट ठेवू नका.*

टप्पा 5 : बसवायची ती रात्र

दिवसाउजेडी बसवलेली कोंबडी नवी जागा स्वीकारत नाही. "काळोख पडां दे, मगे बसव," असं सासूबाई दरवेळी म्हणतात, आणि दरवेळी कुणीतरी घाई करतंच.

पूर्ण अंधार झाल्यावर अंडी टोपलीत गोलाकार मांडा, आडवी. मोबाईलची बॅटरी थेट कोंबडीच्या डोळ्यांवर मारू नका, मागे भिंतीवर मारा. तिला दोन्ही हातांनी पंखांसकट धरून उचला, बोलू नका, तिचं तोंड भिंतीकडे करून टोपलीच्या कडेला ठेवा आणि सोडा. ती स्वतः पाऊल टाकत आत जाईल. अंड्यांवर वरून दाबून बसवायला गेलात तर पायाखाली एखादं फुटतंच. बसली की ती चोचीने एक-एक अंडं पोटाखाली ओढून घेते, पिसं पसरते आणि अंग डावी-उजवीकडे हलवत स्थिर होते. हे डोलणं दिसलं की समजा जमलं.

जाळी लावा, वरून गोणपाट टाकून अंधार करा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणीही तिकडे फिरकू नका. "बसली का, बसली का" करत दर तासाला डोकावणं मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त करतात.

टप्पा 6 : रोजची वीस मिनिटं

बसलेली कोंबडी दिवसातून एकदा उठते. खाते, पिते, एकच मोठी घाण वासाची विष्ठा टाकते, धुळीत लोळते आणि परतते. पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात अंडी थोडी निवली तरी काही बिघडत नाही, तसं होणं गरजेचंच आहे. रोज ठरावीक वेळी जाळी उघडा. आमच्याकडे दुपारी भांडी घासून झाली की.

खाणं टोपलीपासून चार-पाच पावलांवर ठेवा. टोपलीतच ठेवलं तर ती विष्ठाही तिथेच टाकते आणि अंडी माखतात. कोरडे दाणे द्या, सालासकट भात, मका, कणी. ओला, पातळ शिजवलेला भात रोज दिलात तर हगवण लागते. जवळ स्वच्छ पाणी आणि राख-मातीचा एक ढीग.

काही कोंबड्या उठतच नाहीत आणि बसल्या जागी वाळतात. दोन दिवस उठली नाही तर उचलून बाहेर ठेवावी लागते. हे काळजीपूर्वक करायचं. अंडं बऱ्याचदा तिच्या पंखाच्या बगलेत अडकलेलं असतं. आधी एका हाताने पंख थोडा वर करा, बगलेत बोटं फिरवून अंडं खाली सोडा, दुसऱ्या बाजूला तेच करा, आणि मगच पोटाखाली हात घालून उचला. सरळ उचललीत तर दोन फुटांवरून अंडं जमिनीवर पडतं.

ती खात असताना टोपलीवर नजर टाका. फुटलेलं अंडं असेल तर काढा, चिकट झालेला पेंढा बदला, बाकीची अंडी कोरड्या फडक्याने टिपा. फुटलेलं तसंच राहिलं तर त्याला मुंग्या लागतात. टोपली मुंग्यांच्या वाटेवर असेल तर तिच्याभोवती राखेचं रिंगण घाला.

अंडी फिरवायची का, असं मुंबईहून फोनवर विचारतात. नाही. ती दिवसातून अनेकदा स्वतः फिरवते. यंत्रात उबवताना माणसाला ते करावं लागतं.

अर्धा-पाऊण तास झाला तरी परतली नाही तर? हाकलत, आरडाओरडा करत मागे धावू नका. थोडा वेळ सगळे बाजूला व्हा. तरी नाही गेली तर शांतपणे धरून टोपलीकडे न्या. रात्रभर अंडी थंडीत उघडी पडली असतील तरीही लगेच फेकू नका. परत बसवा आणि चार दिवसांनी दिवा दाखवून ठरवा.

टप्पा 7 : दिवा दाखवणं

सातव्या दिवशी, ती खायला उठली की, टोपलीतली अंडी रोवळीत घालून माजघरात न्या, दारं-खिडक्या लावा. मोबाईलची बॅटरी चालू करून तिच्यावर मूठ धरा आणि मुठीच्या तोंडावर अंड्याचं रुंद टोक टेकवा. उजेड फक्त अंड्यातूनच आला पाहिजे.

आत लाल बारीक शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या आणि मधे गडद ठिपका दिसला तर जीव आहे. माझ्या मुलीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो ठिपका किंचित हलत होता, आणि ती माझा हात धरून कितीतरी वेळ गप्प होती. सगळं अंडं पिवळसर, कोरं, एकसारखं दिसलं तर ते भरलेलंच नव्हतं. शिरा नाहीत पण आत लाल कडं दिसतंय, तर सुरुवातीला जीव धरला आणि गेला. कोरं आणि कड्याचं, दोन्ही काढून टाका, नाहीतर तीच पुढे कुजून फुटतात आणि बाकीच्यांना घेऊन जातात. शंका असेल त्यावर प्रश्नचिन्ह काढा आणि चौदाव्या दिवशी पुन्हा बघा. गडद कवचाच्या अंड्यातलं सातव्या दिवशी नीट दिसत नाही.

चौदाव्या दिवशी जिवंत अंडं बहुतेक काळं दिसतं, फक्त रुंद टोकाला हवेची पोकळी उजळ. नुसतं डुचमळणारं, ढगाळ पाणी दिसलं तर काढा.

सगळी तपासणी दहा मिनिटांत उरका. एक माणूस धरेल, एक बघेल, मुलं एका रांगेत. फोटोसाठी अंडं बॅटरीवर पाच-पाच मिनिटं धरून ठेवू नका, बॅटरी तापते.

टप्पा 8 : अठराव्या दिवसापासून हात बांधून

आता पिल्लू आत वळून हवेच्या पोकळीकडे तोंड करतं. अंडी हलवायची नाहीत, दिवा नाही, जागा बदलणं नाही. कोंबडी स्वतःही कमी उठते. पाणी आणि थोडे दाणे तिच्या चोचीला पोचतील इतके जवळ ठेवा.

काही घरांत या दिवसांत अंडी कोमट पाण्यात सोडून बघतात, जिवंत असलेलं पाण्यात हलतं म्हणून. हे करू नका. एखाद्याला केसाएवढी चीर गेलेली असते, तिच्यातून पाणी शिरून पिल्लू आत बुडतं.

विसाव्या दिवशी अंड्यातून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी खालच्या आवाजात उत्तर देते. मग कवचाला टवका उडतो. टवका ते पिल्लू बाहेर, यात बारा ते चोवीस तास जातात, आणि मधे कितीतरी तास काहीच घडत नाही. याच वेळी कुणीतरी दयेने कवच सोलायला घेतं. आतल्या पडद्यातल्या शिरांमध्ये तेव्हा रक्त वाहत असतं, पिवळा बलक पोटात ओढला जायचा असतो. सोललेलं पिल्लू रक्तस्रावाने जातं किंवा बेंबी उघडी राहून तिसऱ्या दिवशी जातं. आमच्या दिरांनी एकदा असंच मदत करायला घेतलं होतं, आणि संध्याकाळी ते स्वतःच शेवग्याखाली खड्डा खणत होते.

एकच काम करा. रिकामी कवचं कोंबडी थोडी सैल बसली की काढून घ्या, नाहीतर ती न फुटलेल्या अंड्यावर टोपीसारखी बसतात.

पहिलं पिल्लू निघाल्यापासून दोन दिवस बाकीच्या अंड्यांची वाट बघा. त्यानंतर उरलेली काढा.

*तपासा : पहिल्या दिवशी पिल्लांनी खाल्लं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. पोटात ओढलेल्या बलकावर ती दोन दिवस सहज राहतात. ती सुकून, फुलून आईच्या पंखाखालून डोकी काढेपर्यंत उचलू नका.*

टप्पा 9 : पहिले दहा दिवस

आई आणि पिल्लं कोरड्या जागी, खाली तूस किंवा वाळू, वर मोठं डालगं. आई असेल तर बल्ब लागत नाही. आई मेली किंवा पिल्लांना टोचायला लागली तरच खोक्यात बल्ब लावा, पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश उब. पिल्लं बल्बखाली गच्च झाली तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोच उघडी ठेवली तर उकडतंय. थर्मामीटर नसला तरी यावरून कळतं.

पाणी उथळ ताटलीत, आणि ताटलीत गोटे. खोल वाडग्यात पिल्लं बुडतात, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या हातून होणारा हा सगळ्यात नेहमीचा घात. पहिल्या दिवशी पाण्यात थोडा गूळ चालतो. खायला बारीक कणी, नाचणी, किंवा दुकानातलं चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य). वाळवी मिळाली तर सोनं, आमच्याकडे शेण आणि पेंढा भरलेलं मडकं पालथं घालून ठेवतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यात वाळवी लागते. जेवणातलं उरलेलं खारट, वेफर्स, फरसाण अजिबात नको. एवढ्याशा जिवाला मीठ सोसत नाही.

मुलांनी पिल्लू हाताळलं की साबणाने हात धुवायचे. ओठांना, गालाला लावायचं नाही. पिल्लं दिसायला कितीही स्वच्छ असली तरी त्यांच्या विष्ठेतून पोट बिघडवणारे जंतू येतात.

दहा दिवसांनी, दव सुकल्यावर, आईबरोबर खळ्यात सोडा. घार आणि कावळा दोघांवर लक्ष हवं, शक्यतो झाडाच्या सावलीत. दिवेलागणीच्या आधी मोजून आत घ्या. मोजणं महत्त्वाचं, अंदाज नको.

टप्पा 10 : लस, आणि बाजारातली कोंबडी

राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, गावात शिरली की वाडीच्या वाडी रिकामी होते. उपचार नाही, लसच आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, 28 व्या दिवसाच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या आसपास इंजेक्शनची लस. गंबोरो (पिल्लांचा आणखी एक आजार) आणि देवीच्या लसींचं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून तिथल्याप्रमाणे धरा.

लसीची कुपी निदान शंभर पक्ष्यांची असते, तुमच्या आठ पिल्लांसाठी कुणी फोडत नाही. म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांना आधी सांगून एकाच दिवशी ठरवा. कुपी बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणायची, ऊन लागू द्यायचं नाही, मिसळल्यावर दोन तासांच्या आत संपवायची. उरलेली उद्यासाठी ठेवली तर ते नुसतं पाणी. आजारी, सुस्त पिल्लांना लस देऊ नका.

आणि हे सुट्टीवर आलेल्यांसाठी. वडे-सागोतीचा बेत ठरतो, बाजारातून कोंबडी आणतात आणि संध्याकाळपर्यंत आपल्याच खुराड्याला बांधून ठेवतात. तिची पिसं आणि आतडी मागीलदारी टाकली जातात, तिथेच आपल्या कोंबड्या चरतात. मानमोडी घरात यायची ही सोपी वाट आहे. बाजारातली कोंबडी वेगळ्या जागी ठेवा, घाण खोल पुरा, हात-पाय धुऊनच पिल्लांकडे जा. पाळायला आणलेली नवी कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवा. मुंबईच्या रस्त्यावर मिळणारी रंगीत पिल्लं गावच्या कोंबडीच्या पिल्लांत सोडायला नेऊ नका, त्यांच्याबरोबर आजार तर गावी जातोच, शिवाय आई त्यांना टोचून मारते.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर मेलेल्यांना उघड्या हाताने धरू नका, कापून खाऊ नका, ओढ्यात टाकू नका. दवाखान्यात कळवा, 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे.

2 जानेवारीला तुम्ही परत निघता तेव्हा पिल्लं आठ दिवसांची असतात. दुसरी लस 22 जानेवारीला येते, आणि त्या दिवशी तुम्ही मुंबईत असता. निघण्याआधी ती तारीख गावच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करा, थर्मास धुऊन फडताळात ठेवा, ज्या घरांबरोबर लस वाटून घ्यायची त्यांची नावं कॅलेंडरच्या मागे लिहा. आणि 21 च्या संध्याकाळी न विसरता फोन करा.